सोबतचा येत नाही म्हणाला, आता त्याच्या नॉन-रिफंडेबल तिकिटाचं काय करायचं

दोघांची तिकिटं काढून झालेली असतात, रजा मंजूर, तारखा पक्क्या, आणि मग एकाचा मेसेज येतो की माझं काही जमत नाही, तू जाऊन ये. अशा वेळी लोक दोनातलं एक काहीतरी करतात. एकतर त्याच क्षणी ॲप उघडून कॅन्सल दाबून मोकळे होतात, नाहीतर नॉन-रिफंडेबल आहे म्हणजे पैसे गेलेच असं धरून ते तिकीट तसंच पडू देतात. दोन्हीत नुकसान आहे, आणि दुसऱ्यात तर हमखास. क्रम असा ठेवा: आधी त्याचं बुकिंग तुमच्यापासून वेगळं करून घ्या, मग नियम बघून जेवढं थांबता येईल तेवढं थांबा, आणि काहीही झालं तरी विमान सुटायच्या आत ते रद्द करा. एवढंच आहे खरं तर, पण प्रत्येक टप्प्यावर फाटे आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी बघायचं ते तिकीट काढून किती वेळ झालाय. काल रात्री काढलं आणि आज सकाळी नकार आला असं असेल तर पुढचं काही वाचूच नका, आधी फुकट रद्द करायची मुदत शिल्लक आहे का ते बघा. अमेरिकेत असा नियमच आहे की प्रवासाला ७ दिवस किंवा जास्त असताना थेट एअरलाइनकडून तिकीट घेतलं तर २४ तासांत ते विनादंड रद्द करता आलं पाहिजे, किंवा मग पैसे न भरता २४ तास तो दर धरून ठेवायची सोय एअरलाइनने दिली पाहिजे. भारतातही डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमांत अशी थोड्या वेळाची मुभा आहे, अटींसकट. युरोपात मात्र लोकांचा गोंधळ होतो, ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करायचा जो हक्क तिकडे आहे तो प्रवासाच्या तिकिटाला लागू होत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. काही एअरलाइन्स स्वतःहून २४ तास देतात, पण ती त्यांची मर्जी. आणि एजंट किंवा ट्रॅव्हल साइटवरून घेतलं असेल तर त्यांचा नियम वेगळा असू शकतो, तो त्यांच्याकडेच बघायचा.

ती मुदत गेली असेल तर पुढे.

नॉन-रिफंडेबल म्हणजे नेमकं काय परत मिळत नाही

हा शब्द बघून लोक जेवढे घाबरतात तेवढं सगळं त्यात नसतं. तिकिटाची रक्कम ही एक रक्कम नसते. त्यात मूळ भाडं असतं, मग एअरलाइनने स्वतः लावलेला सरचार्ज असतो, आणि त्यानंतर सरकार आणि विमानतळ यांचे कर आणि फी. नॉन-रिफंडेबल हा शिक्का साधारणपणे पहिल्या दोनांवर असतो. विमानतळाची फी ही तो माणूस विमानतळ वापरणार म्हणून घेतलेली असते, तो गेलाच नाही तर ती बऱ्याच ठिकाणी परत मागता येते. भारतात डीजीसीएचा नियम स्पष्ट आहे की तिकीट वापरलं नाही तर कर आणि विमानतळाच्या फी परत द्यायच्या, भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरी, आणि रद्द करण्याचा चार्ज मूळ भाडं अधिक फ्युएल सरचार्ज यापेक्षा जास्त लावता येत नाही. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानांवर एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर असतो, तोही प्रवास झाला नाही तर मागता येतो, फक्त काही एअरलाइन्स त्यावर प्रोसेसिंग फी लावतात आणि छोट्या तिकिटावर ती फी कराएवढीच होऊन बसते.

तिकिटाच्या मेलमध्ये भाड्याची फोड बघा. तिथे वायक्यू किंवा वायआर अशी अक्षरं दिसली तर तो कर नाही, एअरलाइनचा सरचार्ज आहे, कराच्या रांगेत लिहिलेला असतो म्हणून लोकांना कर वाटतो. लांबच्या आंतरराष्ट्रीय तिकिटात हा आकडा बराच मोठा असू शकतो, आणि तो सहसा भाड्याबरोबरच जातो. तेव्हा कर एवढे दिसतायत म्हणजे एवढे परत येतील असा हिशोब करताना हे आधी वजा करा. आणि हो, कराचे पैसे कुठेकुठे आपोआप येतात पण बऱ्याचदा मागावे लागतात, वेगळा फॉर्म भरून, कॅन्सल बटणाखालच्या हिशोबात ते शून्यही दाखवतात कधीकधी.

मग भाड्याचे नियम उघडा, कंटाळवाणे असतात पण तीनच गोष्टी शोधायच्यात. एक, निघण्याआधी रद्द केलं तर काय. दोन, तारीख बदलता येते का, आणि किती चार्ज. तीन, नो-शो झाला, म्हणजे तिकीट रद्द न करता माणूस विमानाला आलाच नाही, तर काय. नॉन-रिफंडेबल असूनही बदलता येणारी तिकिटं भरपूर असतात, म्हणजे रोख परत नाही पण बाकी रक्कम क्रेडिट म्हणून पुढच्या प्रवासाला वापरता येते. आणि सगळ्यात स्वस्तातलं, बेसिक का काय म्हणतात ते भाडं असेल तर बदलही नाही आणि क्रेडिटही नाही असं असू शकतं, तिथे मग फक्त करांचाच प्रश्न उरतो.

बुकिंग वेगळं करणं, हे आधी

दोघं एकाच पीएनआरवर असाल तर हे सगळ्यात महत्त्वाचं काम. तिकीट प्रत्येकाचं वेगळंच असतं, पूर्ण सेवा देणाऱ्या बहुतेक एअरलाइन्सच्या तिकिटाला १३ आकडी नंबर असतो आणि तो माणसागणिक वेगळा, पण पीएनआर म्हणजे ६ अक्षरांचा तो कोड दोघांचा एकच असतो, आणि ॲपमधलं कॅन्सल बटण पुष्कळदा अख्ख्या पीएनआरला लागू होतं. काही ॲप विचारतात कोणत्या प्रवाशाचं रद्द करायचं, काही विचारत नाहीत, आणि पुढच्या पानावर दोघांची नावं टिक करून ठेवलेली असतात. त्यामुळे शंका असेल तर बटणाच्या वाटेला जाऊच नका, कॉल सेंटरला फोन किंवा चॅट करा आणि सांगा की पीएनआर स्प्लिट करायचाय. हाच शब्द वापरा, त्यांना लगेच कळतं.

फोनवर दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. जो जाणार आहे त्याचा पीएनआर कोणता आणि जो जात नाही त्याचा कोणता, कारण स्प्लिट झाल्यावर एकाला नवीन कोड मिळतो. शक्यतो जाणाऱ्याला जुनाच राहू दे म्हणा, कारण त्याची सीट, जेवण, जादा सामान, माइल्सचा (एअरलाइनच्या पॉइंट्सचा) नंबर सगळं त्याला जोडलेलं असतं. तसं जमलं नाही तरी बिघडत नाही पण मग अर्ध्या तासाने नवीन पीएनआर उघडून एकेक गोष्ट तपासा, पैसे भरलेली सीट गायब होणं हा प्रकार स्प्लिटमध्ये होतो. व्हिसाच्या किंवा ऑफिसच्या कागदांत जुना कोड दिलेला असेल तर नवीन तिकिटाचा मेल मागवून ठेवा.

स्प्लिट म्हणजे रद्द नव्हे. त्याचं तिकीट अजून जिवंत आहे, फक्त तुमच्यापासून सुटं झालंय, आणि आता खरा विचार सुरू.

थांबायचं कशाला

कारण एअरलाइननेच विमान रद्द केलं किंवा वेळ खूप बदलली तर नॉन-रिफंडेबल तिकीटही रिफंडेबल होतं. हे इतकं सोपं आहे आणि तरी लोक तीन महिने आधीच घाईघाईत रद्द करून चार्ज भरून बसतात. वेळापत्रकं बदलत असतात, मोसम बदलताना तर बदलतातच. अमेरिकेचा २०२४ मध्ये लागू झालेला नियम असा की देशांतर्गत विमान ३ तास किंवा जास्त, आणि आंतरराष्ट्रीय ६ तास किंवा जास्त मागेपुढे झालं आणि प्रवाशाला ते नको असेल तर मूळ पेमेंटवर पैसे परत. युरोपियन युनियनच्या २६१ नंबरच्या नियमात विमान रद्द झालं तर पैसे परत मागता येतात आणि ते ७ दिवसांत द्यायचे असतात, शिवाय ५ तास किंवा जास्त उशीर झाला तर न जाता पैसे मागता येतात. हा नियम युनियनमधल्या विमानतळावरून सुटणाऱ्या सगळ्या विमानांना लागतो, आणि बाहेरून तिकडे येणाऱ्या विमानांना एअरलाइन तिकडची असेल तर. बाकी ठिकाणी एअरलाइनचे स्वतःचे नियम असतात, वेळ किती बदलली की पैसे परत ते त्यांच्या अटींत लिहिलेलं असतं.

आता इथे स्प्लिटचा दुसरा फायदा बघा. वेळ बदलल्याचा मेल आला की त्यात खाली एक बटण असतं, नवीन वेळ मान्य. जाणारा माणूस ते दाबतो कारण त्याला जायचंच आहे, आणि पीएनआर एकच असेल तर त्या एका टिचकीत न जाणाऱ्याचा रिफंडचा हक्कही गेला. वेगळा पीएनआर असेल तर हा मान्य करतो, तो करत नाही, दोघांचं काम होतं. फक्त न जाणाऱ्याच्या बुकिंगवर ज्याचा मेल आणि फोन आहे त्याने ते मेल बघितले पाहिजेत, नाहीतर बदल होऊन जाईल आणि पत्ताच नाही.

पण थांबण्यालाही किंमत असू शकते. काही एअरलाइन्सचा चार्ज टप्प्याटप्प्याने वाढतो, प्रवासाला इतके दिवस असताना इतका, त्याच्या आत आलं की जास्त. तसं असेल तर टप्पा ओलांडायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबा, पुढे नाही. चार्ज कायम एकच असेल तर निघायच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत खुशाल थांबा. अगदी शेवटच्या तासापर्यंत ताणू नका, काही ठिकाणी ऑनलाइन कॅन्सल विमानाच्या काही तास आधीच बंद होतं, आणि तिकिटावरची वेळ ही निघायच्या गावची स्थानिक वेळ असते, दुसऱ्या टाइमझोनमध्ये बसून हिशोब करणाऱ्यांची इथे गंमत होते. कॅलेंडरला अलार्म लावा, दोघांच्याही फोनमध्ये.

न जाणाऱ्याचं चेक-इन तर मुळीच करू नका. एकत्र पीएनआर असताना ॲप दोघांचं एकदम करून टाकतं, मग रद्द करायच्या आधी ते चेक-इन मागे घ्यावं लागतं, आणि ते दर वेळी फोनमधून होतंच असं नाही.

नो-शो का होऊ द्यायचा नाही ते सांगतो. एक म्हणजे नो-शो झाल्यावर बरीच भाडी शून्य होतात, आधी रद्द केलं असतं तर जे क्रेडिट मिळालं असतं ते जातं. दुसरं म्हणजे परतीचं तिकीट. एकाच तिकिटात जाणं-येणं असेल आणि पहिल्या विमानात माणूस बसला नाही तर बहुतेक एअरलाइन्समध्ये पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. तेव्हा जाताना जमत नाही पण मी चार दिवसांनी तिकडे येतो आणि परत सोबत येऊ असा कोणाचा बेत असेल तर तो आधी एअरलाइनशी बोलून तिकीट बदलून घेतल्याशिवाय चालणार नाही.

क्रेडिट की तारीख बदल

रद्द करून क्रेडिट घ्यायचं की नुसती तारीख पुढे ढकलायची हे नियमातल्या आकड्यांवर ठरतं. क्रेडिटचा चार्ज जास्त आणि तारखेचा कमी असेल आणि त्याला नक्की कधी जायचं हे माहीत असेल तर तारीख बदला, भाड्यातला फरक भरावा लागेल तेवढा. नक्की माहीत नसेल तर उगाच अंदाजे तारीख घेऊन पुन्हा बदलण्यात दोनदा पैसे जातात.

मुदत नीट वाचा. साधारण पद्धत अशी की अजिबात न वापरलेलं तिकीट काढल्या तारखेपासून एक वर्ष चालतं. रद्द केल्या तारखेपासून नाही, काढल्या तारखेपासून. आठ महिने आधी तिकीट काढलं असेल तर हातात चारच महिने उरतात. आणि त्या मुदतीत नवीन बुकिंग झालं की पुरे, का प्रवासच सुरू व्हायला पाहिजे, का पूर्ण व्हायला पाहिजे, हे तिन्ही प्रकार आढळतात, त्यामुळे चॅटवर विचारून उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. उरलेल्या रकमेचंही विचारा, नवीन तिकीट स्वस्त पडलं तर बाकीचे पैसे काही ठिकाणी पुन्हा क्रेडिट होतात आणि काही ठिकाणी सरळ बुडतात.

आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर? पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात. बहुतेक एअरलाइन्स नाव बदलू देत नाहीत, स्पेलिंगची चूक दुरुस्त करून देतात तेवढंच. कारण सुरक्षेचंही आहे आणि धंद्याचंही, नाव बदलता आलं असतं तर लोकांनी स्वस्तात तिकिटं घेऊन नंतर चढ्या भावाने विकली असती. अपवाद आहेत, युरोपातल्या रायनएअर, ईझीजेट अशा स्वस्त एअरलाइन्स फी घेऊन नाव बदलून देतात, पण ती फी एवढी असते की कधीकधी नवीन तिकीट त्यापेक्षा स्वस्त पडतं, आधी दोन्ही ताडून बघा. सोशल मीडियावर माझं तिकीट घ्या म्हणून जाहिराती दिसतात त्यांच्या नादी लागू नका, ना विकायला ना घ्यायला. दुसऱ्याच्या नावावर प्रवास करायचा विचार तर डोक्यातूनच काढून टाका.

आजारपण, मृत्यू, इन्शुरन्स

न येण्याचं कारण गंभीर असेल तर नियमाच्या पलीकडे जाऊन मागा. जवळच्या नात्यातला मृत्यू किंवा हॉस्पिटलमध्ये भरती असेल तर बऱ्याच एअरलाइन्स कागद बघून चार्ज माफ करतात किंवा मुदत वाढवतात, हक्क नाही हा, त्यांच्या मर्जीवर आहे, म्हणून फोनवर भांडण्यापेक्षा लेखी अर्ज आणि सोबत कागद हे जास्त चालतं. व्हिसा नाकारल्याचं पत्र असेल तर काही कंपन्या तेही धरतात.

ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर पॉलिसी उघडून कॅन्सलेशनची कारणं बघा. बेत बदलला, ऑफिसने सोडलं नाही, भांडण झालं, ही कारणं साध्या पॉलिसीत बसत नाहीत. आजारपण बसतं, पण डॉक्टरने प्रवास करू नका असं लिहून दिलेलं हवं, आणि ते रद्द करायच्या आधीच्या तारखेचं. तिकीट आधी रद्द आणि डॉक्टरकडे नंतर असं झालं की क्लेम अडकतो. अजून एक फारसं कोणी बघत नाही, बऱ्याच पॉलिसींत सहप्रवासी आजारी पडला म्हणून तुम्ही जात नसाल तर तुमचंही नुकसान धरतात, फक्त पॉलिसीत सहप्रवाशाची व्याख्या काय आहे ते बघावं लागतं. कोणत्याही कारणाने रद्द करू देणारं महागडं कव्हरही मिळतं, त्यातही पूर्ण रक्कम येत नाही, आणि ते तिकीट काढल्यावर थोड्याच दिवसांत घ्यावं लागतं, नकार आल्यावर घेऊन उपयोग नाही. तिकीट क्रेडिट कार्डावर काढलं असेल तर कार्डासोबत असलेला विमाही एकदा तपासा.

बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचं पेमेंट उलटवायची तक्रार, टाकू नका. नियम मान्य करून घेतलेलं तिकीट न वापरल्याबद्दल चार्जबॅक टिकत नाही, आणि एअरलाइन पुढे तुमचं बुकिंग अडवू शकते ते वेगळंच. एअरलाइनने विमान रद्द करूनही पैसे दिले नाहीत तर गोष्ट निराळी, तिथे तो मार्ग बरोबर आहे.

पैसे कोणाचे

नाती इथेच बिघडतात. रोख परत येते ती ज्या कार्डावरून भरले त्या कार्डावर. क्रेडिट मात्र बहुतेक वेळा ज्याच्या नावाचं तिकीट होतं त्याच्या नावावर होतं. म्हणजे दोघांचे पैसे तुम्ही भरलेत आणि मैत्रिणीने नकार दिला तर करांचे थोडेसे तुमच्या कार्डावर येतील आणि मोठी रक्कम तिच्या नावावर जाऊन बसेल, जी तुम्हाला वापरताच येणार नाही. त्यामुळे रद्द करायच्या आधीच बोलून घ्या, आणि मेसेजवर लिहून ठेवा, साधं असं: तिकिटाचे पूर्ण पैसे तू मला दे, कराचे जे परत येतील ते मी तुला देईन, क्रेडिट तुझ्याकडेच राहील. माझ्या मते न्याय्य हेच आहे, ज्याच्या हातात क्रेडिट त्याने त्याची किंमत मोजायची, आणि चार्जही न येणाऱ्याचाच. अडचण खरी असेल, घरात आजारपण वगैरे, तर अर्धं अर्धं करा किंवा सोडून द्या, पण तेही बोलूनच, मनात ठेवून नाही. तिने आधीच तुम्हाला पैसे दिलेले असतील तर उलट, कार्डावर आलेला प्रत्येक पैसा तिचा आहे, आठवणीने द्यायचा.

टू-फॉर-वन किंवा कम्पॅनियन व्हाउचरवर, म्हणजे एकाच्या तिकिटावर दुसऱ्याचं फुकट किंवा सवलतीत अशा ऑफरवर, काढलेलं असेल तर जपून. त्यात दुसरं तिकीट पहिल्याला बांधलेलं असतं, मुख्य माणूस गळला तर दुसऱ्याचंही रद्द होऊ शकतं किंवा पूर्ण भाडं भरावं लागतं. ग्रुप भाड्यातही माणसं कमी झाली तर दर बदलू शकतो. माइल्सवर काढलेलं असेल तर बरंच सोपं, माइल्स ज्याच्या खात्यातून गेले त्याच्याच खात्यात परत, फी कापून.

जाणाऱ्यासाठी थोडं. शेजारची सीट मोकळी राहील या भरवशावर राहू नका, रद्द झाली की ती एअरलाइनची, कोणालाही देतील. सामानाचं वजन दोघांचं मिळून धरलं असेल तर आता ते एकाचंच आहे, बॅग आधीच हलकी करा. मूल सोबत असेल आणि गळणारा माणूस त्याचा एकमेव मोठा असेल तर ते मूल त्या पीएनआरवर एकटं राहून चालत नाही, दुसऱ्या मोठ्या माणसाशी जोडावं लागतं किंवा एकट्या मुलांसाठीची सेवा घ्यावी लागते, वयाच्या अटी असतात. मांडीवरचं बाळ ज्याच्या तिकिटाला जोडलंय तोच येत नसेल तर स्प्लिटच्या वेळीच सांगा.

एजंटकडून घेतलं असेल तर वरचं सगळं बहुधा त्याच्यामार्फतच करावं लागतं, एअरलाइन फोनवर तुम्हाला परत त्याच्याकडेच पाठवते. त्याची फी वेगळी कापली जाते आणि कन्व्हिनियन्स फी परत येत नाही. त्याला रद्द करायला सांगताना लेखी सांगा, वेळ दिसेल असं, कारण तुम्ही सकाळी सांगितलं आणि त्याने विमान गेल्यावर केलं तर ते नो-शो धरलं जातं. क्रेडिट एअरलाइनकडे आहे की एजंटच्या वॉलेटमध्ये तेही विचारा, वॉलेटमधलं असेल तर त्याच्याच साइटवर वापरावं लागेल.

रद्द झाल्यावर मेल येतो तो जपून ठेवा, त्यात रेफरन्स नंबर, क्रेडिटची रक्कम आणि शेवटची तारीख आहे ना ते बघा, नसेल तर त्याच दिवशी मागा. कराचा रिफंड वेगळा मागावा लागत असेल तर तो फॉर्म तिकीट नंबर टाकून लगेच भरा, आणि महिन्याभरात कार्डावर काही दिसलं नाही तर त्याच रेफरन्सवर पुन्हा लिहा.